आधी त्या घरी जाऊन या

आदरणीय ताई,
प्रभू येशूच्या नावात सलाम.
मी नंदुरबार जिल्ह्यातील निवृत्त शिक्षिका असून आमच्या मंडळीतील स्त्रियांची सभा कित्येक वर्षांपासून चालवते. माझी मुलगी चार वर्षांपासून नाशिकच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तेथेच काम करणाऱ्या एका मुलाशी लग्न करण्याचे ठरवले असल्याचे तिने नाताळात घरी आल्यावर सांगितले. मुलगा हिंदू आहे. घराणे चांगले आहे, बागायती शेती आहे, मुलगा निर्व्यसनी आहे; दोष एवढाच की तो विश्वासात नाही. मुलीने विश्वास सोडलेला नाही आणि तोही तिला सोडायला सांगत नाही. दोघांनी विवाह नोंदणी कार्यालयात नोटीसही दिली आहे. पाळकसाहेब म्हणतात की ही विजोड जोडी आहे, मंडळीत आशीर्वाद देता येणार नाही. आम्ही तिला लहानपणापासून वचनात वाढवले, तरी असे का व्हावे? तीन वर्षांपूर्वी आमच्याच मंडळीत पेटी वाजवणाऱ्या एका मुलाची आई सोयरीक विचारायला आली होती, पण ते लोक मूळचे आमच्यातले नव्हेत, माझे दीर तयार झाले नसते, शिवाय पुढे मुलांच्या जातीच्या दाखल्याचा प्रश्न आला असता, म्हणून मुलगी अजून शिकते आहे असे सांगून विषय संपवला. मुलीच्या कानावर घातला नाही. तो मुलगाही आता उपासनेला येत नाही. आजकालच्या मुलांचे असेच आहे. मी या लग्नाला जावे काय? गेले तर स्त्रियांच्या सभेत कोणत्या तोंडाने उभी राहू?
— एक दुखावलेली आई

प्रिय भगिनी, सलाम.

तुमचे पत्र मी तुमच्या मुलीसाठी वाचायला घेतले आणि पेटी वाजवणाऱ्या मुलापाशी थांबले. एवढ्या पत्रात त्याच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये आली आहेत आणि तीही तुम्ही आजकालच्या मुलांवर एक शेरा मारून मिटवून टाकली आहेत. आजकालच्या मुलांचे काय व्हायचे ते होवो. या एका मुलाने उपासना का सोडली हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते तुमच्याच घरात घडले. त्याची आई सोयरीक विचारायला आली तेव्हा तुमची मुलगी नोकरीला लागून वर्ष झालेले होते, हे तुमच्याच पत्रावरून दिसते. तालुक्याच्या गावी, आणि त्यातही एका मंडळीत, कोणाची मुलगी कोठे नोकरी करते हे कोणापासून लपत नाही. तेव्हा मुलगी शिकते आहे हे उत्तर खोटे असल्याचे त्या बाईंना ऐकताक्षणी कळले असणार, आणि ते खोटे का सांगितले जात आहे हेही कळले असणार. इतके कळूनही त्या सलाम करून उठल्या. त्यांच्या मुलाने त्यानंतर तुमच्याबरोबर एका छताखाली बसून भावंडपणाची गीते वाजवीत राहावे, अशी तुमची अपेक्षा होती काय?

आता विजोड जोडीच्या वचनाकडे, म्हणजे विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर एका जुवाखाली जुंपले जाऊ नका या सांगण्याकडे येऊ. ते मी पातळ करून सांगणार नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 6व्या अध्यायात प्रेषित पौल लग्नाचे नाव घेत नाही हे खरे आहे, आणि कापसाच्या व्यापारात किंवा ट्रकच्या धंद्यात भागीदारी करताना आपल्यापैकी कोणाला हे वचन आठवत नाही, लग्नसराई आली की मात्र ते हटकून आठवते, हेही खरे आहे. तरीही पहिल्या पत्राच्या 7व्या अध्यायाच्या शेवटी, विधवेच्या पुनर्विवाहाविषयी लिहिताना, तो विवाह केवळ प्रभूमध्ये व्हावा अशी अट पौल घालतोच. मंडळीने ती अट सर्वच विवाहांना लावली यात मला काही वावगे वाटत नाही. विश्वास ठेवणाऱ्याने आपला जोडीदार विश्वास ठेवणाऱ्यांतून निवडावा, असेच मीही कोणत्याही मुलीला सांगेन. परंतु ही अट पुरी करणारा मुलगा तुमच्या दारी आला होता. तो बाप्तिस्मा घेतलेला होता, मंडळीच्या सेवेत होता आणि तुमच्या डोळ्यांदेखत वाढला होता. तेव्हा तुम्ही वचन उघडले नाही, दिरांची मने चाचपली. नियमशास्त्रातील अनुवाद या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नयेत अशी आज्ञा आहे, आणि ती खानदेशातील शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. पण एकाच दावणीला वाढलेले दोन गोऱ्हे, त्यांची आजी कोणाच्या गोठ्यातून आली एवढ्यावरून विजोड ठरवणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

मुलांच्या दाखल्याचे कारण तुम्ही ओघात लिहून गेला आहात. त्यावर मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या कारणाआड आपल्यातील पुष्कळ घरे दडून बसतात. नवापूर-नंदुरबारकडील मंडळ्या मुख्यत्वे आदिवासी समाजांतून उभ्या राहिल्या आहेत, आणि अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. तुमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून तुमच्या घरातील कोणाचा दाखला अडला नाही. अनुसूचित जातींचे तसे नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये त्यात शीख आणि 1990 मध्ये बौद्ध समाविष्ट झाले, ख्रिस्ती मात्र आजही त्याबाहेर आहेत. ‘मूळचे आमच्यातले नव्हेत’ या तुमच्या शब्दांमागे मी समजते तोच अर्थ असेल, तर त्या मुलाच्या घराने ख्रिस्ताचे नाव उघडपणे लावल्याबद्दल दोन-तीन पिढ्या किंमत मोजलेली आहे, आणि ती किंमत जिला कधी मोजावी लागली नाही अशा घराने त्यांना दाखल्याचे कारण सांगून परत पाठवले. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या मुलाशी तुमची मुलगी आता लग्न करते आहे त्याच्याबाबत तुम्ही घराणे लिहिले, शेती लिहिली, व्यसन नसल्याचे लिहिले. होणाऱ्या नातवंडांच्या दाखल्याबद्दल एक अक्षर लिहिले नाही. नाशिकच्या बागायतदाराच्या घरी तो प्रश्न तुम्हाला पडला नाही. तो फक्त पेटीवाल्या मुलाच्या वेळी पडला.

तुम्ही स्त्रियांच्या सभेच्या पुढारी आहात, म्हणून तुमच्यासारख्याच एका पुढारी स्त्रीची आठवण करून देते. तांबड्या समुद्राच्या पलीकडे मोशेची बहीण मिर्याम हिने हाती डफ घेतला आणि सर्व स्त्रिया तिच्यामागून निघाल्या, हे निर्गमाच्या 15व्या अध्यायात आहे, आणि स्त्रियांच्या सभेत ते आपण हौसेने वाचतो. गणना या पुस्तकाचा 12वा अध्याय मात्र त्या सभेत क्वचितच वाचला जातो. तेथे हीच मिर्याम, भाऊ अहरोनाला बरोबर घेऊन, मोशेविरुद्ध बोलू लागते, आणि बोलण्याचे निमित्त आहे मोशेची बायको: ती कूशी होती, म्हणजे मिसराच्या (इजिप्तच्या) दक्षिणेकडच्या देशातली. पुढे त्या बोलण्याला मोठेपणाचे रूप येते, परमेश्वर काय एकट्या मोशेशीच बोलला, असे ती दोघे म्हणू लागतात. पण सुरुवात परक्या मुळाच्या सुनेपासून झालेली आहे. शिक्षा डफ वाजवणाऱ्या स्त्रीला होते. तिच्या अंगावर कोड उठते, मोशे तिच्यासाठी विनवणी करतो, आणि तिला सात दिवस छावणीबाहेर राहावे लागते. तुमच्यासाठी मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे वाक्य: मिर्यामेला परत आत आणीपर्यंत लोकांनी पुढे कूच केले नाही. जिची चूक होती तिच्यासाठी सगळे इस्राएल रानात खोळंबून राहिले. तुमच्या मंडळीतून ज्याची काहीही चूक नव्हती तो मुलगा बाहेर गेला, आणि तुमची सभा, तुमची उपासना, तुमचा नाताळ, सगळे त्याच्यावाचून ठरल्या वेळी पार पडले.

दिरांच्या भीतीचे काय करावे, असे तुम्ही विचाराल. येशूचा शिष्य पेत्र याला अंत्युखिया शहरात तीच भीती वाटली होती. परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवणारा हा प्रेषित यरुशलेमेकडची माणसे आल्यावर पंगतीतून उठला, आणि पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सुनावले. घरच्या माणसांची भीती प्रेषितांनाही सुटली नाही, एवढे समाधान तुम्ही खुशाल घ्या. त्या भीतीने झालेले काम मात्र बरोबर ठरत नाही.

तुम्ही विचारलेले प्रश्न आता लवकर उरकते, कारण ते अवघड नाहीत. लग्नाला जा. नवऱ्याला बरोबर घेऊन जा, चांगली साडी नेसून जा आणि फोटोत पुढच्या रांगेत उभ्या राहा. पाळकसाहेबांनी आशीर्वाद नाकारला हा त्यांच्या शिस्तीचा भाग आहे, त्यावरून त्यांच्याशी भांडू नका, आणि त्यांच्या नकाराला तुमच्या गैरहजेरीची जोडही देऊ नका. मुलीचा विश्वास बुडेल या चिंतेबद्दल म्हणाल, तर विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराबरोबर संसार करणाऱ्यांसाठी पौलाने त्याच 7व्या अध्यायात पुरेसे धीराचे शब्द लिहिले आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा काही वर्षांनी झाला, आणि तो होण्याआधीच त्यांनी स्वतःशी विचार करून जातिभेद मनातून काढून टाकला होता. आपल्या पुष्कळ घरांत क्रम उलटा झाला: बाप्तिस्मा पहिल्या पिढीने घेतला आणि दुसरे काम तिसऱ्या पिढीपर्यंतही कोणी हाती घेतलेले नाही. तुमची मुलगी आणि तिचा होणारा नवरा यांनी निदान ते हाती घेतलेले दिसते.

‘असे का व्हावे?’ हे जे तुम्ही ‘आम्ही तिला वचनात वाढवले’ या वाक्याला जोडून विचारले आहे, त्याचे उत्तर मुलीकडे मागू नका. तिला त्या स्थळाबद्दल सांगितले असते तर तिने होकारच दिला असता, असे मी म्हणत नाही. कदाचित तिने नकार दिला असता, आणि तो तिचा अधिकार होता. तुम्ही तो तिच्या वतीने, तिला न कळवता, दिरांच्या नावाने वापरलात, आणि आता तिने तुम्हाला न विचारता निर्णय घेतला म्हणून दुखावलेली आई अशी सही करता. या सहीबद्दल मला तुमची कीव करावीशी वाटत नाही.

तुम्हाला एकच काम करायचे आहे. त्या बाई तुमच्या दारी आल्या होत्या, आता तुम्ही त्यांच्या दारी जा. येत्या रविवारी उपासना संपली की स्त्रियांशी बोलत आवारात रेंगाळू नका, थेट त्यांच्या घरी जा. एकट्या जा, पाळकसाहेब, वडील मंडळी किंवा सभेतील बायका बरोबर नेल्या तर ती भेट न राहता शिष्टमंडळ होईल, आणि त्या बाईंना तुमच्यासमोर मन मोकळे करता येणार नाही. मुलगी शिकते आहे हे मी खोटे सांगितले होते, तुमच्या मुलात काही उणे नव्हते, आम्ही तुमचे मूळ पाहिले आणि ते पाहण्याचा आम्हाला अधिकार नव्हता, मला क्षमा करा: एवढेच सांगा. दिरांचे नाव घेऊ नका. दाखल्याचा विषय काढू नका. मुलीच्या लग्नाचे दुःख तेथे सांगू नका, कारण त्या घरात ते टोमण्यासारखे ऐकू येईल. मुलगा घरी असला तर हेच त्याच्यासमोरही बोला, पण तो मंडळीत परत येईल का असे विचारू नका. तो परत येईल की नाही हे त्याने ठरवायचे आहे, आणि तुमची क्षमायाचना त्याच्या हजेरीची किंमत म्हणून दिलेली नसावी. त्यांनी चहा ठेवला तर प्या. त्यांनी आत बोलावले नाही तर उंबऱ्यावर उभ्या राहून बोला आणि परत या.

घरी आल्यावर नाशिकला फोन करा. तुम्ही कोठे गेला होतात आणि का, हे मुलीला सांगा. तीन वर्षांपूर्वी तिच्यापासून लपवलेली गोष्ट तिने तुमच्याच तोंडून ऐकली पाहिजे. विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांनी त्या दोघांना लग्न लावता येते, आणि तुमचे पत्र येईपर्यंत त्यातील काही दिवस गेलेले असणार, तेव्हा हे काम त्यापुढच्या रविवारवर टाकू नका.