सासूबाईंची जपमाळ आणि जावयाचे पवित्र शास्त्र

मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला राहणाऱ्या एका भगिनीचे लांबलचक पत्र आले आहे. त्यांचे माहेर आजऱ्याचे, कॅथॉलिक. सासर कोल्हापूर शहरातले, पिढ्यान्‌पिढ्या प्रोटेस्टंट. मुलगी आजीशी मराठीत बोलत नाही, पाहुण्या म्हणून आलेल्या आईच्या औषधपाण्याचे काय करावे, राजारामपुरीतला फ्लॅट ठेवावा की विकावा, असे बरेच काही त्यांनी विचारले आहे. त्या प्रश्नांना मी शेवटी दोन-दोन ओळी देईन. पत्राच्या तिसऱ्या पानावर त्यांनी जाता जाता जे लिहिले आहे, ते मात्र मला बाजूला सारता येत नाही.

त्या लिहितात : "ताई, आईने येताना मरियामातेची लहानशी मूर्ती आणली आणि बैठकीच्या खोलीत ठेवली. शुक्रवारी ह्यांच्या बायबल अभ्यासगटाची मंडळी घरी येतात. ती यायच्या आत ह्यांनी मूर्ती उचलून आतल्या कपाटात ठेवली आणि आईला म्हणाले, अंबाबाईच्या गावात राहून तुम्ही लोकांनी नुसती देवी बदलली. आई काहीच बोलली नाही, पण दोन दिवस नीट जेवली नाही. लेक विचारते, आजी मूर्तिपूजा करते का? मला उत्तर सुचत नाही."

जावईबापूंच्या वागण्याविषयी आधी बोलते. विश्वासाचा मतभेद असू शकतो. पण घरी आलेल्या वडीलधाऱ्या बाईची वस्तू तिला न विचारता हलवायची आणि वर टोमणा मारायचा, ही कोल्हापूरची रीत नव्हे आणि त्यांच्या अभ्यासगटाचीही नसावी. शिवाय त्या टोमण्याने दोघींवर अन्याय होतो. अंबाबाईचे भक्त तिला आदिशक्ती मानून तिची पूजा करतात आणि तसे उघडपणे सांगतात. मरियेविषयी कोणताही कॅथॉलिक असे म्हणत नाही. ती नासरेथची एक मुलगी, देवाने निर्माण केलेली, आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील आपल्या स्तोत्रात ती स्वतःच देवाला आपला तारणारा म्हणते. जिला तारणाऱ्याची गरज आहे ती देव नव्हे, हे आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, पहिल्यापासून शिकवत आली आहे.

आता तुमच्याकडे वळते. तुम्हाला उत्तर सुचले नाही, याचे मला वाईट वाटले आणि, खरे सांगायचे तर, थोडा रागही आला. आपण परदेशात येताना गोडा मसाला मोजून बांधतो, मुलांना नाताळच्या करंज्या आठवणीने करून घालतो, आणि ज्या प्रार्थना लहानपणापासून रोज संध्याकाळी म्हटल्या त्यांचा आधार कोणता, हे कधी विचारत नाही. मग कोणी सरळ प्रश्न केला की आपल्याजवळ फक्त दुखावलेला चेहरा उरतो.

माझ्या घरात ही लढाई फार पूर्वी होऊन गेली आहे. रेव्हरंड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांच्यामागून जी अमेरिकन मिशनची परंपरा तेथे रुजली, तिच्यात माझ्या आईचे घराणे वाढले. आईचे वडील, आमचे नाना, शाळामास्तर. पवित्र शास्त्राचे अध्यायच्या अध्याय त्यांना तोंडपाठ. वडील कॅथॉलिक. लग्नानंतर पहिल्याच नाताळला नानांनी जावयाला विचारले, "मरियेला प्रार्थना करा, हे कोणत्या वचनात आहे?" वडिलांनी सांगितले, "फादर सांगतात म्हणून." नानांनी हसून चहा मागवला. त्या हसण्याने वडील पेटले आणि त्यांनी पुढची कित्येक वर्षे बायबल वाचून काढले, त्यामुळे आमच्या ओसरीवर जे वाद रंगत त्यांतच माझे धर्मशिक्षण झाले. तुमच्या यजमानांचे आक्षेप मला म्हणूनच ओळखीचे वाटतात.

सर्वांत मोठा आक्षेप मध्यस्थीचा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की देव आणि मानव यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. हे वचन आम्हालाही तितकेच बंधनकारक आहे. पण त्याच अध्यायाच्या पहिल्याच ओळीत पौल सर्व माणसांसाठी विनंत्या आणि मध्यस्थीच्या प्रार्थना करायला सांगतो. शुक्रवारी जावईबापूंचा गट एकमेकांच्या नोकरीसाठी, आजारासाठी प्रार्थना करतो, तेव्हा ख्रिस्ताचे मध्यस्थपण कमी होत नाही. उलट त्याच्याच बळावर ती प्रार्थना उभी असते. मरियेला आम्ही "आमच्यासाठी विनंती कर" असे म्हणतो, तेव्हा याहून निराळे काही मागत नाही.

यावर नाना म्हणत, "जिवंत माणसाला विनवणे वेगळे, मेलेल्याला वेगळे, बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मृतांना विचारायला मनाई आहे." आक्षेप वजनदार आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. पण ती मनाई भुताखेतांकडून गुप्त गोष्टी काढून घेण्याला आहे, आणि रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणताना कोणी मरियेकडून भविष्य विचारत नाही. देव मेलेल्यांचा नव्हे तर जिवंतांचा देव आहे, असे येशूने पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी लोकांना बजावले. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातील वडीलजनांजवळ सोन्याच्या वाट्या आहेत आणि त्यांतला धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असे योहान लिहितो. मग स्वर्गातल्यांचा आपल्या प्रार्थनांशी काहीच संबंध नाही, असे कसे म्हणावे? स्वर्गातील संतांना विनवा अशी थेट आज्ञा बायबलात नाही, हे वडील नानांपुढे मान्य करीत, आणि तुम्हीही यजमानांपुढे मान्य करा. ती मंडळीची प्राचीन परंपरा आहे, आणि परंपरेला किती अधिकार द्यावा हाच कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला खरा मतभेद आहे. मूर्ती कपाटात ठेवल्याने तो मिटत नाही.

परंपरा किती जुनी, याचा पुरावा तर तुमच्याच गावाशेजारी आहे. मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात इजिप्तमध्ये सापडलेला एक फाटका पपायरस, म्हणजे लव्हाळ्याचा प्राचीन कागद, जपून ठेवला आहे, क्रमांक ४७०. त्यावर ग्रीक भाषेत एक छोटी प्रार्थना आहे : हे देवमाते, आम्ही तुझ्या दयेच्या आश्रयाला येतो, संकटात आमची विनवणी अव्हेरू नकोस, अशा आशयाची. बरेच अभ्यासक तो तिसऱ्या-चौथ्या शतकातला मानतात, काही त्याहून उशिराचा. अलीकडची तारीख धरली तरी ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्या मार्टिन ल्यूथरच्या कितीतरी शतके आधी ख्रिस्ती माणसे तुमच्या आईसारखीच प्रार्थना करीत होती. आईला आणि लेकीला घेऊन एका शनिवारी तेथे जा. पपायरस पाहायला मिळेल का, ते मात्र आधी विचारून घ्या. जावईबापूंनाही बरोबर न्या.

"देवमाता" या पदवीवरही ते अडतील. ती पदवी चर्चच्या इफिस येथील महासभेने ४३१ मध्ये उचलून धरली, आणि वाद मरियेच्या मोठेपणाचा नव्हताच. तिच्या पोटी जन्मलेला येशू हा देव आणि मानव असलेली एकच व्यक्ती आहे की नाही, हा प्रश्न होता. त्याच सुमाराच्या थोडे आधी, चौथ्या शतकात, काही स्त्रिया मरियेला भाकरी अर्पण करीत असल्याचे बिशप एपिफानियस यांच्या कानी आले, तेव्हा त्यांनी त्या स्त्रियांची कडक कानउघाडणी केली : मरियेला मान द्यावा, आराधना मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचीच करावी. ७८७ च्या निकेयाच्या महासभेने प्रतिमांविषयी तीच रेघ आखली. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमा ज्याची आहे त्याला पोहोचतो, आणि आराधना देवाखेरीज कोणाची नाही. आजीच्या खोलीतला आजोबांचा फोटो पुसून त्याला हार घालणारी मुलगी कागदाची पूजा करीत नसते, एवढे तुमच्या लेकीला सहज कळेल.

तेच तेच शब्द घोकण्याच्या आक्षेपाला मी फार जागा देत नाही. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात देवाच्या दयेचे पालुपद सव्वीस वेळा येते आणि गेथशेमाने बागेत येशूने पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असे मत्तय सांगतो. पोकळ बडबड वाईट, पुनरावृत्ती नव्हे. जपमाळेतल्या "नमो मरिया" या प्रार्थनेचा पूर्वार्ध देवदूत गब्रीएल आणि मरियेची नातलग अलीशिबा यांच्या तोंडचा आहे, आणि मणी ओढताना ज्या रहस्यांचे, म्हणजे येशू आणि मरिया यांच्या जीवनातल्या प्रसंगांचे, मनन करायचे त्यांतली बहुतेक सारी शुभवर्तमानातली आहेत. बायबलात येशूच्या भावांचा उल्लेख आहे, मग मरिया कायम कुमारी कशी, हा वाद तर शुक्रवारच्या चहाबरोबर संपवण्यासारखा नाही. एवढेच सांगा की मरियेच्या अखंड कौमार्यावर स्वतः मार्टिन ल्यूथरचा विश्वास होता. संतांना विनवण्याची प्रथा त्याने पुढे नाकारली हे खरे, पण मरियेच्या स्तोत्रावर १५२१ मध्ये त्याने जे भाष्य लिहिले, ते वाचून आपल्यातल्या कित्येक कॅथॉलिकांनाच लाज वाटावी इतके ते भक्तीने भरलेले आहे.

आता आईविषयी थोडे कठोर बोलते. मोशेने देवाच्या आज्ञेने केलेला पितळी साप लोक धूप जाळून पुजू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. आपल्यातही असे होते. टोरांटोला आमच्या शेजारी राहणारी माझी चुलती मूर्ती अमुक दिशेला ठेवली नाही म्हणून मुलाला व्हिसा मिळाला नाही, असे मानायची; तिची समजूत घालता घालता वडील थकले. "ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल" असले संदेश आई व्हॉट्सॲपवर पुढे पाठवीत असतील, तर त्या बाबतीत मी जावयाच्या बाजूची आहे. चर्चही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ मध्ये उपदेशकांना मरियेविषयी अतिशयोक्ती टाळायला सांगितले, आणि व्हॅटिकनच्या सिद्धान्त विभागाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या टिपणात मरियेला "सहतारक" म्हणणे उचित नाही, असे स्पष्ट केले, कारण तारण करणारा ख्रिस्त एकटाच.

तेव्हा असे करा. मूर्ती कपाटातून बाहेर काढा आणि आईच्या खोलीत, तिला हवी तेथे, सन्मानाने ठेवा. बैठकीच्या खोलीचे काय ते तुम्ही दोघे नवरा-बायको बसून ठरवा. यजमानांनी सासूबाईंची क्षमा मागावी, आणि ती लेकीच्या देखत मागावी. मग एका संध्याकाळी गटाविना, घरच्यांनीच, लूकचा पहिला आणि योहानाचा दुसरा अध्याय मराठीत मोठ्याने वाचा. वाचन आईला करू द्या. काना गावच्या लग्नात मरिया येशूविषयी नोकरांना सांगते की तो तुम्हाला जे काही सांगेल ते करा. आई रोज जपमाळ घेऊन कोणाकडे जाते, हे जावईबापूंना तेथे दिसेल. नानांना दिसले होते. शेवटपर्यंत त्यांनी मरियेला एकदाही विनवले नाही, पण मूर्तिपूजा हा शब्द आमच्या ओसरीवर पुन्हा उच्चारला नाही, आणि माझ्या आईला माहेराहून पाठवलेल्या पत्रांत जावयाच्या वाचनाची ते चौकशी करीत.

उरलेले प्रश्न. लेकीच्या मराठीची चिंता वरच्या वाचनाने निम्मी कमी होईल. बाकीची आजी सहा महिन्यांत बघेल, तुम्ही मध्ये इंग्रजीत भाषांतर करून देऊ नका. आईचा प्रवासविमा उतरवला नसेल तर आजच चौकशी करा, कारण पाहुण्यांना तेथील सरकारी रुग्णालयात सगळे उपचार फुकट मिळत नाहीत. फ्लॅट विकण्याची घाई नको. भाड्याने द्यायचा झाला तर कराराची रीतसर नोंदणी करूनच द्या, महाराष्ट्रात ती सक्तीची आहे, मग भाडेकरू ओळखीचा असो वा नात्यातला.