गोव्याहून अगत्ती: सरळ नको, मंगळूरमार्गे जा

गोव्याच्या दाबोळी विमानतळापासून लक्षद्वीपमधलं अगत्ती सरळ सुमारे 290 सागरी मैल. सेस्ना 172 या छोट्या एकइंजिनी विमानाचा वेग 110 नॉट (ताशी सागरी मैल) धरला आणि समोरून 20 नॉट वारा आला तर सव्वातीन तास लागतात. अगत्तीला उतरता आलं नाही तर मंगळूर 205 मैल, म्हणजे आणखी दोनेक तास. वर राखीव इंधन 45 मिनिटांचं. ताशी 34 लिटरने हे जवळपास 200 लिटर होतं, म्हणजे नव्या 172 ची पूर्ण टाकी! एवढा काठावरचा हिशेब करू नका. किनाऱ्याने मंगळूर गाठा, टाकी भरा, मग समुद्रावर वळा. जाऊन-येऊन आणि राखीव धरून सुमारे 157 लिटर लागतं; येण्याचंही इंधन धरायचं, कारण अगत्तीत एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) मिळेल असं गृहीत धरायचंच नाही.

परतायचं की पुढे जायचं, हा बिंदू (जिथून दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो) आधीच नकाशावर मांडा. तो मध्यावर नसतो: त्याच वाऱ्यात मंगळूरपासून साधारण 121 मैलांवर येतो.

लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा, पण केबिनमध्ये फुगवू नका. समुद्रात उतरावं लागून पाणी आत शिरलं की फुगलेलं जॅकेट तुम्हाला छताला चिकटवून ठेवतं. राफ्ट (फुगवायचा तराफा) डिकीत नको, हाताशी ठेवा. पावसाळ्यात हा बेतच नको.