वाचकांचे प्रश्न : घरी अहिराणी, वहीत मराठी

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका गावात पाचवी ते आठवीच्या चौदा मुलांची संध्याकाळची शिकवणी घेते. मुले घरी अहिराणी बोलतात. धडा घडाघडा वाचतात, पण काय वाचले असे विचारले की गप्प बसतात. निबंध गाईडातून पाठ करून उतरवतात. भाषणात एक ओळ विसरली की तिथेच थांबतात. मला रोज एक तास मिळतो. लेखन, वाचन आणि वक्तृत्व यांना तो कसा वाटून द्यावा?

उत्तर : तो वाटून देऊ नये, असे मी म्हणेन. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारी मुळात एकच आहेत. वाचताना, लिहिताना आणि बोलताना ही मुले दुसऱ्याचे शब्द वाहून नेत आहेत, आणि त्या ओझ्यात त्यांचे स्वतःचे असे काहीच नाही. म्हणून सोमवारी लेखन आणि मंगळवारी वाचन अशी फाळणी करण्यापेक्षा एकच विषय आठवडाभर बोलण्यातून लिहिण्याकडे, लिहिण्यातून वाचनाकडे आणि तेथून पुन्हा बोलण्याकडे न्यावा.

माझ्याकडच्या सातवीतल्या एका मुलाचे उदाहरण देतो. ‘माझा आवडता सण’ या विषयावर त्याने दिवाळीचा निबंध लिहिला होता. ‘भारतीय संस्कृतीत सणांना अनन्यसाधारण महत्त्व आहे’ हे त्याचे पहिले वाक्य होते, आणि ‘अनन्यसाधारण’ म्हणजे काय, हे त्याला सांगता आले नाही. मी वही मिटून ठेवली आणि गेल्या श्रावणात घरी कानबाई (खानदेशात नारळाच्या रूपात पुजली जाणारी देवी) बसली तेव्हाचे सांग, असे म्हटले. तो आधी बिचकला, मग अहिराणीत सुरू झाला. सुरतेला कामाला असलेला मामा रात्रीच्या गाडीने आला, आजीने नारळाला नथ घालताना कोणाला जवळ येऊ दिले नाही, रात्रभर गाणी चालली आणि पहाटे हा स्वतः दाराशीच झोपून गेला, हे सगळे त्याने एका दमात सांगितले. मी मध्ये फक्त ‘मंग काय व्हयनं?’ एवढेच विचारत होतो. निबंध तिथेच तयार झाला होता. तो वहीत उतरायचा तेवढा राहिला होता.

उतरवताना पहिला मसुदा मुलाच्या तोंडी येईल त्या भाषेत होऊ द्यावा. ‘मामा उना’ असे त्याने लिहिले तर ती चूक नव्हे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखून एकीकडे ‘उना’, ‘गया’, ‘डोया’ आणि दुसरीकडे ‘आला’, ‘गेला’, ‘डोळा’ असे मुलांकडूनच लिहवून घ्यावे. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, हा आपल्या बोलीचा नियम मुले स्वतः शोधतात, तेव्हा प्रमाण मराठी ही त्यांना शिक्षा वाटत नाही. अहिराणीमुळे मराठी बिघडते, हा समज पालकांइतकाच काही शिक्षकांच्याही मनात घट्ट आहे आणि तो निखालस चुकीचा आहे. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत शिक्षणाचे माध्यम घरची भाषा किंवा मातृभाषा असावी, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही म्हटले आहे. शिवाय ज्या बहिणाबाईंचे नाव जळगावच्या विद्यापीठाला दिले आहे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी बोलीत रचलेली गाणी इतरांनी टिपून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली. आधी बोलणे आणि मग टिपणे, हा क्रम आपल्या मातीला नवा नाही.

वही तपासण्याबाबत एक कबुली देतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी लाल शाईने वह्या भरून टाकीत असे आणि त्यालाच कष्ट समजत असे. त्याचा परिणाम असा झाला, की मुले चुकू नये म्हणून चार-चार शब्दांची वाक्ये लिहू लागली. आता मी एका वेळी एकाच प्रकारची चूक हाती घेतो. एक आठवडा केवळ पूर्णविराम पाहावा, पुढचा आठवडा शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ आहेत की नाहीत एवढेच पाहावे. बाकीच्या चुका दिसत असूनही सोडून देणे शिक्षकाला जड जाते, पण ते जमवावे लागते.

वाचनासाठी एक साधा बदल करून पाहा. ज्याच्या हातात पुस्तक आहे त्यानेच वाचावे. बाकीच्यांची पुस्तके मिटलेली असावीत. समोरच्यांना केवळ कानांनी समजायचे असल्यामुळे वाचणाऱ्याला कुठे थांबायचे आणि कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, याचा विचार करावाच लागतो. त्यासाठी त्याला आधी दोन मिनिटे मनात वाचू द्यावे. वाचून झाल्यावर प्रश्न वाचणाऱ्याला न विचारता ऐकणाऱ्यांना विचारावेत. त्यांना सांगता आले नाही, तर वाचणारा तो परिच्छेद आपण होऊन पुन्हा वाचतो. घडाघडा वाचण्याची खोड याने बरीच कमी होते. कित्येक महिने प्रयत्न करूनही एखादे मूल अक्षर-अक्षर जुळवतच वाचत असेल, तर त्याला आळशी न म्हणता आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि मग अध्ययन अक्षमतेची (म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणे-लिहिणे जड जाण्याची) तपासणी करावी, असे पालकांना स्पष्ट सांगावे.

आपण अमळनेरजवळच्या आहात, म्हणून आणखी एक सुचवावेसे वाटते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. आपल्याला रोज जमणार नाही, पण आठवड्यातून एकदा मुलांच्या मजकुराचा एक मोठा कागद भिंतीवर लावता येईल. आपले लिहिलेले कोणी तरी वाचणार आहे, हे कळले की अक्षरही सुधारते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्यावर तिला तीन मिनिटे बोलायचे आहे. मी भाषण लिहून दिले आहे, पण आरशासमोर म्हणतानाही ती अडखळते. काय करावे? (एक पालक, शिरपूर)

उत्तर : आपण लिहून दिलेला कागद परत घ्यावा. संथ बोलले तर मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांत तीन-साडेतीनशे शब्दांहून अधिक मावत नाहीत, आणि बहुतेक पालक त्याच्या दुप्पट लिहून देतात. मुलीला तीनच गोष्टी निवडू द्या : १८४८ साली पुण्यात मुलींसाठी सुरू झालेली शाळा, शाळेत जाता-येता लोकांनी अंगावर फेकलेले शेण, आणि १८९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना आलेला मृत्यू. प्रत्येक गोष्टीसाठी एकच शब्द छोट्या कागदावर लिहावा आणि तिने ती गोष्ट आजीला, शेजारणीला, धाकट्या भावाला आपल्या शब्दांत सांगावी. दर वेळी वाक्ये वेगळी झाली तरी चालतील. पाठ करायचेच असेल, तर पहिले आणि शेवटचे वाक्य तेवढे पाठ करावे. आरसा मात्र काढून टाका. आरशात मूल स्वतःकडे पाहते, आणि व्यासपीठावर त्याला नेमके तेच विसरायचे असते.

प्रश्न : मी शासकीय शाळेत शिक्षिका आहे. सुटीनंतर घरी अशी भाषेची शिकवणी फी घेऊन घेता येईल का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. वर सांगितलेला भिंतीवरचा कागद आणि मिटलेल्या पुस्तकांचे वाचन हे दोन्ही आपल्या वर्गातच, भाषेच्या तासाला करता येईल.