‘टेन्शन घेऊ नकोस’ ही सूचना नव्हे

प्रश्न : मी कोल्हापुरात टी.वाय.बी.ए. (मानसशास्त्र) करते. पाच वर्षं १० मीटर एअर रायफल खेळले. सरावात छान गुण पडायचे, स्पर्धेत घसरायचे. आता खेळाडूंसाठी मेंटल ट्रेनर व्हायचं आहे. तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. प्रमाणपत्र मिळेल, खेळाडू मिळणार नाहीत. आधी मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. कर आणि संख्याशास्त्राला घाबरून विषय निवडू नकोस. खेळ मानसशास्त्राचा पेपर नसला तरी चालेल, प्रबंध मात्र खेळाडूंवर घे. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशिवाय लावता येत नाही, हेही आत्ताच ध्यानात ठेव.

या कामात भाषणं कमी आणि स्टॉपवॉच जास्त असतं. तुझाच खेळ घे. ६० शॉट, ७५ मिनिटं. म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. वेळ भरपूर आहे. तरी ९.३ असा कमी गुणांचा शॉट बसला की पुढच्या शॉटला भरपाई करायची म्हणून नेमबाज रायफल धरूनच ठेवतो. आठ-दहा सेकंदांनी श्वास कोंडतो, डोळा थकतो, नळी डोलायला लागते आणि नेमका तेव्हाच ट्रिगर ओढला जातो. त्याला ‘मन शांत ठेव’ सांगून काय होणार? त्यात करण्यासारखं काही नाहीच.

त्याऐवजी क्रम बांधून द्यायचा. गाल स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर) टेकवला की डोळे मिटायचे, उघडायचे. नेम बाजूला गेला असेल तर पाय सरकवायचे, हातानं रायफल ढकलायची नाही. श्वास सोडत नेमावर यायचं, थांबायचं. आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली. सुटला तर पुढचे दोन सेकंद तसंच उभं राहायचं. यात सगळ्यात जड जातं ते रायफल खाली घेणं, म्हणून सरावात २० पैकी चार शॉट मुद्दाम अर्ध्यावर सोडायला लावायचे. वहीत गुण लिहायचे नाहीत. किती सेकंद धरली आणि किती वेळा खाली घेतली, एवढंच. सरावात सहा आणि स्पर्धेत अकरा सेकंद दिसले, की काम कुठे करायचं ते कळलं. हे सगळं स्पर्धेच्या आठवड्यात सुरू केलं तर गुण आणखी पडतात. सहा-आठ आठवडे आधी सुरुवात हवी.

मनातल्या मनात शॉट मारण्याचा सरावही खऱ्या वेळेतच करायचा, नेमबाजीचं जॅकेट घालून. पलंगावर पडून सुवर्णपदक डोळ्यांसमोर आणणं हे दिवास्वप्न झालं.

फी पालक देतात, पण खेळाडूनं सांगितलेलं पालकांना किंवा प्रशिक्षकाला सांगायचं नाही. काय गुप्त राहील आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत तिघांसमोर ठरव. जेवण तुटलेलं, झोप उडालेली, जीव नकोसा वाटतो असं बोलणं कानावर आलं, तर ते आपलं काम नाही. त्याच दिवशी घरच्यांना विश्वासात घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठव. इथे गुप्ततेचा नियम आड येत नाही.

पगारी जागा मोजक्याच. बहुतेकजण कॉलेजात समुपदेशक म्हणून काम करत सुरुवातीची वर्षं काढतात. पण तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसळे या नेमबाजांच्या जिल्ह्यात तू आहेस. रेंज तुझ्या दारात आहे. प्रशिक्षकांची आणि पालकांची परवानगी घेऊन या महिन्यात दोन ज्युनिअर मुलांच्या मागे उभी राहा. सल्ला एकही देऊ नकोस, फक्त सेकंद टिपून ठेव.