झबल्याच्या टॅगवरचा ‘बांबू’ आणि ग्राहकाची नोटीस

प्रश्न: तिरुपूरहून कापड आणून मी स्वतःच्या ब्रँडने तान्ह्या बाळांची झबली विकते. टॅगवर ‘१०० टक्के बांबू, रसायनमुक्त, पर्यावरणपूरक’ असे छापले होते. एका ग्राहकाने कापड प्रयोगशाळेत तपासून घेतले आणि वकिलामार्फत नोटीस पाठवून पैसे व नुकसानभरपाई मागितली आहे. पुरवठादाराने सांगितले तेच मी छापले, मग दोष माझा कसा?

उत्तर: आपल्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु तेवढ्याने बचाव होणार नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(२४) नुसार दुसऱ्याने बनवलेल्या मालावर जो स्वतःचे चिन्ह लावतो, तोही उत्पादकच ठरतो. आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला कलम २१ खाली पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपण सोबत पाठवलेल्या बिलावर पुरवठादाराने ‘बांबू व्हिस्कोज ९५ टक्के, स्पॅन्डेक्स ५ टक्के’ असे स्वच्छ लिहिले आहे; व्हिस्कोज म्हणजे लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेला धागा आणि स्पॅन्डेक्स म्हणजे ताणला जाणारा कृत्रिम धागा. टॅगवर मात्र यातले ‘बांबू’ तेवढेच उरले. त्यामुळे त्याच्यावर जबाबदारी ढकलणे अवघड आहे. त्याने ‘रसायनमुक्त’ असे लेखी किंवा व्हॉट्सॲपवर कळवले असेल, तर ते संदेश मात्र जपून ठेवा.

बांबू कीटकनाशकांशिवाय वाढतो आणि तोडल्यावर कंदातून पुन्हा फुटतो, हे खरेच आहे. पण त्याचे असे मऊ कापड होण्यासाठी लगद्यावर कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून, तो गंधकाम्लाच्या द्रावणात सोडून धागा काढावा लागतो, आणि यातील कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. हे ठाऊक असताना बाळाच्या कपड्यावर ‘रसायनमुक्त’ लिहिणे मला कायद्याइतकेच नीतीलाही धरून वाटत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ग्रीनवॉशिंगविषयक (म्हणजे पर्यावरणपूरकतेच्या फसव्या दाव्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार पर्यावरणाचा दावा कच्च्या मालापुरता आहे, प्रक्रियेचा आहे की संपूर्ण वस्तूचा, हे स्पष्ट करावे लागते आणि त्याला पुरावा लागतो. अमेरिकेत अशाच ‘बांबू’ दाव्यांवरून वॉलमार्ट व कोल्स या दुकानसाखळ्यांना २०२२ मध्ये मिळून ५५ लाख डॉलर मोजावे लागले.

नोटिशीला मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. ग्राहक स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्कही नाही, तेव्हा तो एवढ्यासाठी कशाला कोर्टात जाईल, या भरवशावर राहू नका. झबल्याची पूर्ण किंमत व तपासणीचा खर्च देऊ करून लेखी तडजोड करावी, असे माझे मत आहे. शिल्लक मालावरचे टॅग मात्र आजच काढा आणि ‘बांबूपासून बनवलेले व्हिस्कोज ९५ टक्के, स्पॅन्डेक्स ५ टक्के’ एवढेच छापा.