वाचकांचे प्रश्न : आरएफआयडी रीडर आणि सिरियल पोर्ट

प्रश्न : १२५ किलोहर्ट्झचा आरएफआयडी रीडर (रेडिओलहरींनी कार्डाचा क्रमांक वाचणारं यंत्र) सिरियलने, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या पोर्टने, जोडला आहे. कार्ड धरल्यावर कधी पूर्ण क्रमांक येतो, कधी अर्धाच. पूर्ण आला तरी कार्डावरच्या छापील आकड्याशी जुळत नाही. रीडर बिघडलाय का?

उत्तर : रीडर बहुधा ठणठणीत आहे. अशा बऱ्याच रीडरची फ्रेम, म्हणजे एका वेळचा पूर्ण संदेश, १४ बाइटची असते : ०२, दहा अक्षरं, दोन अक्षरांचा चेकसम (चूक पकडणारा पडताळणीचा आकडा) आणि शेवटी ०३. (काही मॉडेल ०३ च्या आधी आणखी दोन बाइट घालतात, माहितीपत्रक बघा.) ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) ही फ्रेम यायला जवळजवळ १५ मिलिसेकंद लागतात. प्रोग्रामने मध्येच पोर्ट वाचला, तर तोवर पोचलेले बाइटच हाती लागतात. फ्रेम कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे पोर्टला ठाऊक नसतं, ते होस्टनेच, म्हणजे रीडर जोडलेल्या तुमच्या संगणकानेच, शोधायचं. म्हणून येईल तो बाइट साठवत जा. ०२ दिसला की नवी सुरुवात धरा, ठरल्या जागी ०३ आला तरच फ्रेम स्वीकारा. ५० मिलिसेकंदांत ती पुरी झाली नाही तर टाकून द्या.

आता क्रमांक. समजा ०४००६३२५१७ आणि चेकसम ५५ आला. ही अक्षरं आहेत, त्यातला ‘४’ तारेवरून हेक्स (सोळाच्या पायावरच्या मोजणीतला) ३४ म्हणून येतो. दोन-दोन अक्षरं जोडून पाच बाइट करा : ०४, ००, ६३, २५, १७. पाचांचा एक्सऑर (बिट ताडायचे : वेगळे तर १, सारखे तर ०) ५५ येतो, म्हणजे फ्रेम धड आहे. एकदा हे कागदावर करून पाहाच. पहिला बाइट बाजूला ठेवून उरलेले चार दशमानात आणले की ६४९७५५९ मिळतात. कार्डावर ०००६४९७५५९ छापलेलं असेल. शेजारचं ०९९,०९४९५ हीसुद्धा तीच संख्या : हेक्स ६३ म्हणजे ९९, हेक्स २५१७ म्हणजे ९४९५. तुम्ही बहुधा पाचही बाइट धरताय.

प्रश्न : दुसरा रीडर कमांड पाठवल्यावरच बोलतो. कमांड जाते, पण उत्तर काहीच येत नाही.

उत्तर : आधी तारा. होस्टचा टीएक्स (पाठवणारी पिन) रीडरच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला), आणि ग्राउंड दोघांचा एकच. आरएस-२३२ ची (जास्त व्होल्टेजच्या सिरियल पोर्टची) तार टीटीएल (कमी व्होल्टेजच्या) पिनांना थेट लावू नका, पिन जळेल. मध्ये मॅक्स३२३२ ही व्होल्टेज जुळवणारी चिप घाला. रीडर काढून होस्टचे टीएक्स-आरएक्स एकमेकांना जोडा. पाठवलेलं जसंच्या तसं परत आलं तर होस्टची बाजू निर्दोष.

मग सीआरसी, म्हणजे कमांडसोबत जाणारा पडताळणीचा आकडा. तो चुकला की बरेच रीडर तक्रार न करता गप्प बसतात. नेहमीची चूक म्हणजे त्याचे दोन बाइट उलट्या क्रमाने पाठवणं. आरएस-४८५ (एकाच तारजोडीवर अनेक उपकरणं) असेल तर रीडरचा पत्ता तपासा, आणि ड्रायव्हर (तारेवर सिग्नल पाठवणारा भाग) बंद करण्याची वेळही : लवकर केला तर कमांडचा शेवट तुटतो, उशिरा केला तर उत्तराची सुरुवात हरवते.

टॅग शोधण्याच्या कमांडला टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) मोठा ठेवा. रीडरचा स्कॅन संपेपर्यंत उत्तर येत नाही, आणि तेवढ्यात दुसरी कमांड धाडली तर कुठलं उत्तर कशाचं हेच कळेनासं होतं.