उन्हाळ्यात गाई-शेळ्यांना सुबाभूळ, गिरिपुष्प, शेवरीचा पाला घातला तर पेंड कमी करता येईल का? सुबाभळीने जनावराचे केस गळतात हे खरं आहे का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'हो' आहे, पण दोन्हीला अटी आहेत. मी माणदेशात गाई आणि शेळ्या पाळतो, बांधावर झाडपाला वाढवतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

कडबा भरपूर आहे पण पेंड परवडत नाही, अशी अनेकांची अडचण असते. पाल्याचा खरा उपयोग अशाच ठिकाणी होतो. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. कोठीपोटातले (म्हणजे गाई-शेळ्यांच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जे सूक्ष्मजीव वैरण पचवतात, त्यांना साधारण ७ टक्के तरी लागतात. तेवढी मिळाली नाहीत की ते मंदावतात, कडबा पोटात रेंगाळतो आणि जनावर खाणंच कमी करतं. गव्हाणीत वैरण शिल्लक आणि गाय मात्र खंगत चाललेली, हे त्यामुळेच होतं. सोबत थोडा पाला दिला तर तोच कडबा जास्त खाल्ला जातो आणि चांगला पचतो.

सुबाभूळ, शेवरी, हादगा, गिरिपुष्प, शेवगा यांच्या पाल्यात सुक्या वजनावर २० ते २५ टक्के प्रथिनं असतात. वड, उंबर, अंजन यांत १० च्या आसपास, म्हणजे टंचाईत पोट भरायला ठीक. बोर आणि बाभूळ यांचे आकडे बरे दिसतात, पण त्यांच्या पाल्यात टॅनिन हे तुरट द्रव्य बरंच असतं. ते प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. शेळी हा तुरटपणा गाईपेक्षा बराच सोसते. बोरीचा पाला मी शेळ्यांनाच घालतो.

आता केस गळण्याचं. सुबाभळीत मिमोसीन नावाचं द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यांत सर्वांत जास्त. फार खाल्लं गेलं तर केस गळतात. कोठीपोटात त्यापासून जो पदार्थ तयार होतो, त्याने गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र सुबाभूळ खाऊनही ठणठणीत असत. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की त्या शेळ्यांच्या कोठीपोटात हे विष मोडणारे जिवाणू आहेत. ते ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडल्यावर तीही सुबाभूळ पचवू लागली. त्या जिवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं. आपल्या गोठ्यातल्या जनावरात ते आहेत की नाहीत हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून मी मर्यादा पाळतो: ४०० किलोच्या गाईला हिरवा पाला ८ किलोंच्या आत, ३० किलोच्या शेळीला दीड किलोपर्यंत, तोही गाईला एक-दोन आणि शेळीला अर्ध्या किलोपासून हळूहळू वाढवत. गाभण जनावराला आणखी कमी. घोडा, ससा, कोंबडी यांना देऊच नका, त्यांना हे फार बाधतं.

गिरिपुष्पाला उग्र वास असतो. नवं जनावर तोंड फिरवतं, ते फिरवू द्या. संध्याकाळी छाटून रात्रभर पसरून ठेवा, सकाळी कोमेजलेला पाला कडब्याच्या कुट्टीत मिसळा. आठवडाभरात सवय लागते. ढीग लावून बुरशी मात्र येऊ देऊ नका, बुरशीचा पाला खाऊन आतून रक्तस्राव होऊ शकतो.

पाल्यात कॅल्शियम भरपूर पण फॉस्फरस कमी, त्यामुळे खनिज मिश्रण बंद करू नका. आणि पेंड एकदम तोडू नका. भाकड गाईला कडबा, पाला, खनिज मिश्रण एवढ्यावर भागतं. दुभत्या गाईची पेंड थोडी थोडी कमी करत दुधाकडे लक्ष ठेवा. दूध उतरलं की तिथेच थांबा, कारण दुधाला प्रथिनांइतकीच ऊर्जाही लागते आणि ती पाला पुरेशी पुरवत नाही.

नवी लागवड करणार असाल तर पावसाळ्याच्या तोंडावर बांधावर शेवरी आणि गिरिपुष्प लावा. सुबाभूळ लावलीत तर कमरेएवढ्या उंचीवर छाटत राहा आणि शेंगा पिकू देऊ नका. बी पडलं की ती सगळ्या रानात पसरते आणि मग आवरत नाही.